छातीत रुतलेला काटा

उन्हाळ कांदा काढून झाला की देवळा, कळवण, सटाणा, मालेगाव या कसमादे पट्ट्यात चाळी भरायला सुरुवात होते. चाळीवर छप्पर कशाचे घालायचे, याची चर्चा दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या ओट्यावर रंगते. लोखंडी पत्रा उन्हात तापतो आणि खालचा कांदा खराब करतो, म्हणून कोणी मंगलोरी कौले घालतो, तर कोणी सिमेंटचे पत्रे. हाच करड्या रंगाचा नागमोडी पत्रा गोठ्यावर, पडवीवर, जुन्या शाळाखोल्यांवर आणि गोदामांवरही दिसतो. तो स्वस्त असतो, गंजत नाही आणि लोखंडी पत्र्यापेक्षा कमी तापतो.

आपण त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, पण त्याचे सगळे बळ सिमेंटचे नसते. मातीच्या भिंतीला गिलावा करताना जसा भुसा कालवतात, तसे पातळ पत्र्यातले सिमेंट तडकू नये म्हणून त्यात तंतू कालवलेले असतात. आपल्या देशात हे तंतू बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसचे असतात. वजनाने त्यांचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास भरते. याच ॲस्बेस्टॉसचा संबंध एका चिवट कर्करोगाशी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. धडधाकट पत्रा डोक्यावर असणे आणि त्याची धूळ छातीत जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न फुटलेल्या पत्र्यातले तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. धोका सुरू होतो तो पत्रा कापताना, भोक पाडताना, गारपिटीत तो फुटल्यावर किंवा वर्षानुवर्षे ऊनपावसाने त्याचा वरचा थर झिजल्यावर. त्यामुळे हा लेख वाचून आजच छप्पर उतरवायला घेऊ नये. घाईघाईने उतरवणे हाच कधी कधी जास्त धोक्याचा उद्योग ठरतो.

मग प्रश्न उरतो तो असा. ॲस्बेस्टॉस हे काही विषारी रसायन नाही. तो एक दगड आहे. शरीरात गेल्यावर तो विरघळत नाही. तरीही त्याचा तंतू छातीत गेल्यानंतर वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी तिथे कर्करोग कसा उगवतो? गेल्या दोन दशकांत या प्रश्नाचे उत्तर बरेच स्पष्ट झाले आहे. तंतू फक्त सुरुवात करून देतो. पुढचे बरेचसे काम आपल्याच शरीराच्या संरक्षण यंत्रणेने पाठवलेल्या संकेतांकडून होते. ज्याला आपण सूज किंवा दाह म्हणतो, तोच या कर्करोगाला खतपाणी घालतो.

दगडाचा धागा

ॲस्बेस्टॉस जमिनीतून निघणारे खनिज आहे. बाकीचे दगड फुटले की त्यांचे खडे होतात, याचे मात्र धागे सुटतात. धागा उभा चिरला की आणखी बारीक धागे मिळतात, आणि असे करत करत ते डोळ्याला दिसेनासे होतात. तो जळत नाही, कुजत नाही, आम्लाला सहसा दाद देत नाही. या गुणांमुळे विसाव्या शतकात तो सगळीकडे पोहोचला. बॉयलरचे वेष्टण, गाड्यांचे ब्रेक लायनर, पाण्याचे पाइप, आगरोधक कापड आणि छपराचे पत्रे, असा त्याचा संसार पसरला. त्याचे पांढरा, निळा आणि तपकिरी असे प्रमुख प्रकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने यातील प्रत्येक प्रकाराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

या खनिजाचे खरे रूप १९६० साली जगासमोर आले. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. तेथे वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सगळ्यांना एकच दुर्मीळ कर्करोग झाला होता, मेसोथेलिओमा. आपल्या फुप्फुसाभोवती आणि छातीच्या आतल्या बाजूला एकेक पातळ पडदा असतो. दोन्हींच्या मध्ये थोडासा द्रव असतो, म्हणून श्वास घेताना फुप्फुस अलगद सरकते. त्या पडद्याच्या पेशींचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. पोटाच्या आतल्या आवरणालाही तो होऊ शकतो. वॅग्नर यांच्या नोंदीत धक्का देणारी बाब ही होती की सगळे रुग्ण खाणकामगार नव्हते. काहींचे फक्त बालपण खाणीच्या परिसरात गेले होते.

१९६५ साली लंडनच्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. कामगारांच्या घरातल्या माणसांनाही हा आजार होत होता. कामावरचे कपडे घरी येत, ते झटकले आणि धुतले जात, आणि तेवढी धूळही पुरेशी ठरत असे.

घाटकोपरचा अनुभव

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान कंपोझिट्स, म्हणजे पूर्वीची हिंदुस्थान फेरोडो, या कंपनीच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉसचे काम चाले. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी तेथील कायम कामगारांची तपासणी करून २००५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १८१ कामगार तपासणीत सहभागी झाले. त्यांपैकी सुमारे २३ टक्के कामगारांना ॲस्बेस्टॉसिस असल्याचे आढळले.

ॲस्बेस्टॉसिस हा कर्करोग नव्हे. त्यात फुप्फुसावर व्रण पडत जातात, ते कडक होते आणि माणसाला दम लागतो. पण दोन्ही आजारांची सुरुवात एकाच ठिकाणी होते, न थांबणाऱ्या दाहापाशी. या अभ्यासाने आणखी एक दुखणे दाखवून दिले. कामावरच्या धुळीमुळे झालेल्या अशा आजारांवर आपल्याकडे सर्रास क्षयरोग किंवा जुनाट ब्रॉन्कायटिसचा शिक्का बसतो. निदान चुकले की उपचार चुकतो आणि नुकसानभरपाईचा हक्कही जातो.

त्याआधी दहा वर्षे, जानेवारी १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला होता. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांतील जी मुदत नंतर संपेल तोवर जपून ठेवण्याचा आदेशही दिला. ४० वर्षांचा आकडा मोठा वाटतो. आजार किती काळ दबा धरून बसतो हे पाहिले की तो का ठरला असेल ते समजते.

काटा निघत नाही तेव्हा

पायात बाभळीचा काटा मोडला तर काय होते, हे शेतात काम करणाऱ्याला सांगायला नको. आधी ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. मग पू धरतो. एक दिवस पुवाबरोबर काटा बाहेर येतो आणि जखम भरते. ही सूज म्हणजे शरीराची फौज कामाला लागल्याची खूण. काटा निघाला की फौज माघारी जाते. दाहाचे काम खरे तर हेच आहे. तो यावा, काम करावे आणि निघून जावे.

आता काटा निघालाच नाही तर? ॲस्बेस्टॉसचे तसेच होते. श्वासाबरोबर आत गेलेली बरीचशी धूळ नाकात आणि श्वासनलिकेतल्या चिकट स्रावात अडकून बाहेर पडते. पण अगदी बारीक तंतू फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचतात. तिथे पहारा देणाऱ्या भक्षक पेशी असतात. जंतू, धुळीचा कण, मेलेली पेशी, जे दिसेल ते गिळून पचवणे हा त्यांचा धर्म. पण तंतू जर एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा लांब असेल, तर तो भक्षक पेशीच्या तोंडात मावत नाही. साप जसा आपल्यापेक्षा मोठे भक्ष्य अर्धवट गिळून अडकतो, तशी तिची गत होते. गिळताही येत नाही, टाकताही येत नाही. या धडपडीत तिच्या पोटातले पाचक रस आणि तिखट ऑक्सिजनयुक्त रेणू बाहेर सांडतात. ते शेजारच्या चांगल्या पेशींना भाजून काढतात आणि त्यांच्या डीएनएला इजा करतात.

काही तंतू पुढे सरकत फुप्फुसाबाहेरच्या पडद्यापर्यंत जातात. छातीच्या बाजूच्या पडद्याला बारीक छिद्रे असतात. त्यांतून तिथला द्रव निचरून जातो. आखूड तंतू त्या द्रवाबरोबर वाहून जातात. लांब तंतू मात्र मोरीच्या जाळीवर काडी अडकावी तसे तोंडाशी अडकतात. मेसोथेलिओमा नेमका याच पडद्याच्या पेशींत का होतो, याचे हे एक महत्त्वाचे स्पष्टीकरण मानले जाते.

धोक्याची घंटा कोण वाजवते?

पेशी एकमेकींशी रासायनिक संकेतांनी बोलतात. २००८ साली स्वित्झर्लंडच्या लोझान येथील युर्ग चॉप यांच्या गटाने दाखवले की ॲस्बेस्टॉसचा तंतू टोचल्यावर भक्षक पेशीच्या आत प्रथिनांचा एक जुडगा तयार होतो. त्यातील मुख्य प्रथिनाचे नाव एनएलआरपी-३. हा जुडगा जमला की ‘आयएल-१ बीटा’ हा संकेत बाहेर पडतो. या संकेताचा अर्थ एवढाच, की इथे गडबड आहे, मदत पाठवा. मग आणखी भक्षक पेशी येतात. त्याही त्याच तंतूपाशी अडकतात आणि त्याही घंटा वाजवतात.

यापेक्षाही विचार करायला लावणारे काम हवाई विद्यापीठातील हेनिंग यांग आणि मिकेले कार्बोने यांच्या गटाने केले. त्यांना एक कोडे सतावत होते. प्रयोगशाळेत पडद्याच्या पेशींवर ॲस्बेस्टॉस टाकले तर त्या मरून जातात. मेलेल्या पेशीला कर्करोग होत नाही. मग आजार होतो कसा? २००६ साली त्यांनी उत्तर दिले. शरीरात या पेशी एकट्या नसतात. शेजारी चिडलेल्या भक्षक पेशी असतात आणि त्या ‘टीएनएफ-अल्फा’ नावाचा दाहाचा संकेत सोडत असतात. हा संकेत पडद्याच्या पेशीतली एक कळ दाबतो आणि पेशी मरायची थांबते. डीएनए फाटलेला, पण जीव शाबूत. जी पेशी मरून जायला हवी होती ती जगते, आणि पुढे वाढत राहते. कर्करोगाचे बी पडते ते इथे.

२०१० साली याच गटाने साखळीचा पुढचा दुवा शोधला. तंतूने मारलेल्या पेशी शांतपणे मरत नाहीत, त्या फुटतात. फुटताना त्यांच्या आतले एचएमजीबी-१ हे प्रथिन बाहेर सांडते. भक्षक पेशींना तो नवा सांगावा असतो. त्या येतात, टीएनएफ-अल्फा सोडतात, आणखी पेशी जखमी होऊनही जगतात, काही फुटतात, आणि चक्र फिरत राहते. २०१२ साली असेही दिसले की गाठ तयार झाल्यावर तिच्या पेशी स्वतःच एचएमजीबी-१ सोडू लागतात आणि त्यावर पोसल्या जातात. सुरुवातीला बाहेरून आलेला दाह आता गाठीच्या घरचाच झालेला असतो.

मग हा दाह गाठीसाठी बरीच कामे करतो. तिच्याकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून आणतो. शेजारच्या उतीत शिरायला वाट करून देतो. सर्वांत वाईट म्हणजे ज्या भक्षक पेशी पहाऱ्याला आल्या होत्या, त्यांतल्या अनेक गाठीच्या बाजूने फिरतात आणि कर्करोग मारणाऱ्या इतर पेशींना जवळ येऊ देत नाहीत. कुंपणानेच शेत खाल्ले, असे आपण म्हणतो, ते इथे तंतोतंत लागू पडते.

कर्करोग आणि दाह यांचे नाते पूर्वीही जाणकारांना खुणावत होते. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८६३ सालीच गाठींमध्ये पांढऱ्या पेशींची गर्दी पाहिली होती. १९८६ साली अमेरिकेचे हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी गाठीला कधीच न भरणारी जखम म्हटले. मेसोथेलिओमा हे त्या वर्णनाचे सर्वांत उघड उदाहरण म्हणावे लागेल, कारण इथे जखम करणारा काटा प्रत्यक्ष दाखवता येतो.

तरीही ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेल्या प्रत्येकाला हा कर्करोग होत नाही. किती धूळ गेली, किती वर्षे गेली, तंतू कोणत्या प्रकारचा होता, यावर बरेच अवलंबून असते. काही घराण्यांत डीएनएच्या डागडुजीशी संबंधित ‘बॅप-१’ या जनुकात जन्मजात दोष असतो आणि त्यांच्यात हा आजार जास्त दिसतो, हे २०११ साली सिद्ध झाले. दाह हा या सगळ्यांना जोडणारा धागा आहे.

मग सूज उतरवणारी गोळी घ्यावी का?

हा प्रश्न वाचकांच्या मनात येणारच. संशोधकांनाही तो पडला. २०१६ साली अमेरिकेत जोसेफ टेस्टा यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग केले. दाहाचा जुडगा बांधणारे एक प्रथिन ज्या उंदरांत नव्हते, त्यांना ॲस्बेस्टॉस देऊनही मेसोथेलिओमा कमी आणि उशिरा झाला. संधिवातावर वापरले जाणारे ॲनाकिन्रा हे औषध आयएल-१चा संकेत अडवते. ते दिल्यावरही आजार लांबला.

पण विज्ञानाची वाट सरळ नसते. त्याआधी २०१२ साली दुसऱ्या एका गटाने एनएलआरपी-३ हे प्रथिनच नसलेल्या उंदरांवर प्रयोग केला होता. त्यांना मेसोथेलिओमा तितकाच झाला. म्हणजे घंटा वाजवणारा एक पहारेकरी काढला तरी दुसरा ती वाजवतो. शरीराने दाहासाठी एकापेक्षा जास्त रस्ते ठेवलेले आहेत.

ॲस्पिरिनची गोष्टही अशीच आहे. २०१५ साली हवाईच्या गटाला उंदरांमध्ये ॲस्पिरिनने गाठीची वाढ मंदावलेली दिसली. पण त्याआधी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी विटेनूम या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणगावाशी संबंध आलेल्या माणसांची माहिती तपासली होती. ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक, सूजनाशक गोळ्या घेणाऱ्यांना मेसोथेलिओमापासून संरक्षण मिळाल्याचे त्यांना दिसले नाही.

फुप्फुसाच्या कर्करोगातही हाच धडा मिळाला. आयएल-१ बीटा अडवणारे कॅनाकिनुमॅब हे औषध हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीत वापरले गेले. २०१७ साली निष्कर्ष आले तेव्हा औषध घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी असल्याचे दिसले. मोठी आशा निर्माण झाली. पण ज्यांना कर्करोग आधीच झाला होता, त्यांच्यावरील २०२१ आणि २०२२ मधल्या चाचण्यांत अपेक्षित फायदा झाला नाही. बी पडण्याआधी दाह रोखणे आणि झाड वाढल्यावर तो रोखणे, यांत बहुधा फार अंतर आहे.

तेव्हा ॲस्बेस्टॉसच्या भीतीने रोज ॲस्पिरिन किंवा डायक्लोफिनॅकसारखी गोळी मनाने घेणे चुकीचे आहे. त्याने कर्करोग टळेल असा पुरावा नाही. जठरात रक्तस्राव होणे आणि मूत्रपिंडांवर ताण येणे हे धोके मात्र पक्के आहेत.

उपचारांत थोडी प्रगती झाली आहे ती वेगळ्या वाटेने. निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधांची जोडी कर्करोगाने थोपवून धरलेल्या पेशींना पुन्हा मोकळे करते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांची शस्त्रक्रिया शक्य नव्हती, अशा ६०५ रुग्णांचा समावेश होता. केमोथेरपी घेणाऱ्या गटातील निम्मे रुग्ण १४.१ महिन्यांपर्यंत जगले. नवी औषधे घेणाऱ्या गटात हा काळ १८.१ महिने झाला. चार महिन्यांचा फरक रुग्णाच्या घरच्यांना लहान वाटत नाही. पण हा अजूनही मुळापासून बरा होणारा आजार नाही, आणि ही औषधे महाग आहेत. म्हणूनच सगळा भार येतो तो तंतू आत जाऊ न देण्यावर.

चाळीवरचा पत्रा आणि आपण

भारतात ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणे आणि जुन्यांचे नूतनीकरण थांबवण्यात आले. पण बाहेरून आणून वापरण्यावर बंदी नाही. जगात सर्वाधिक ॲस्बेस्टॉस आयात करणारा देश आपलाच आहे. साठहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. अमेरिकेनेही मार्च २०२४ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा वापर बंद करण्याचा नियम केला. आपल्याकडे कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत घरच्या पातळीवर बरेच काही करता येते.

पत्रा धड असेल तर त्याला हात लावू नये. त्यावरचे शेवाळ कोरड्या ब्रशने किंवा खराट्याने घासू नये. पत्रा कापायचाच असेल तर ग्राइंडर मशीन लावू नये. त्याने उडणारा पांढरा धुरळा हाच सर्वांत घातक असतो. पत्रा आधी पाण्याने चांगला भिजवावा आणि हातकरवतीने, उघड्यावर, मुलाबाळांना दूर ठेवून कापावा. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा उपरणे हे तंतू अडवत नाही. पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क नाकावर घट्ट बसलेला असावा. काम झाल्यावर जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. कामाचे कपडे झटकू नयेत. ते वेगळे भिजवून धुवावेत, आणि धुणाऱ्या बाईमाणसाला त्यात काय आहे हे सांगावे.

अवकाळी आणि गारपिटीने आपल्या भागात पत्रे फुटतात, ही काही नवी गोष्ट नाही. फुटलेले तुकडे भिजवून, आणखी न मोडता उचलावेत. जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवावेत आणि त्यांचे काय करायचे ते ग्रामपंचायतीला, देवळ्यासारख्या ठिकाणी नगरपंचायतीला विचारावे. हे तुकडे ठेचून रस्त्यातले खड्डे बुजवणे, घराच्या भरावात टाकणे किंवा नाल्यात लोटणे टाळावे. ठेचलेला तुकडा म्हणजे मोकळे सुटलेले तंतू. गाड्या जाऊ लागल्या की ते पुन्हा हवेत येतात.

विंचूर-प्रकाशा महामार्गालगतच्या गॅरेजवाल्यांनीही एक पथ्य पाळावे. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ब्रेकचा ड्रम उघडून कॉम्प्रेसरची हवा मारली की ती धूळ थेट कारागिराच्या तोंडावर येते. ओल्या फडक्याने पुसले तर हा धोका बराच टळतो.

डॉक्टरांना हे जरूर सांगा

कसमादेतून अनेक जण एकेकाळी मुंबईला कारखान्यांत, गोदीत, बांधकामावर कामाला गेले आणि आता गावी परतले आहेत. त्यांच्यापैकी कोणाला चालताना दम लागत असेल, छातीत एका बाजूला सतत दुखत असेल, वजन उतरत असेल किंवा छातीत पाणी झाले असेल, तर त्यांनी डॉक्टरांना आपल्या जुन्या कामाची माहिती न विचारता सांगावी. कोणत्या कारखान्यात, कोणत्या खात्यात, किती वर्षे, धूळ होती का, एवढे पुरे.

आपल्याकडे छातीत पाणी होण्याचे मोठे कारण क्षयरोग आहे आणि त्याची तपासणी आधी होणे बरोबरच आहे. सुरू असलेली क्षयरोगाची औषधे मनाने बंद करू नयेत. पण तपासणीत क्षयाचा पुरावा मिळाला नसेल, औषधांनी फरक पडत नसेल, किंवा काढलेले पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल, तर छातीरोगतज्ज्ञांना भेटून पडद्याचा तुकडा तपासण्याबद्दल विचारावे. मेसोथेलिओमाचे निदान तुकडा तपासल्यावरच पक्के होते. ॲस्बेस्टॉसमुळे होणारे आजार कायद्याने व्यावसायिक आजार मानले जातात. भरपाईसाठी जुने ओळखपत्र, पगाराची पावती, कर्मचारी राज्य विमा कार्ड यांतले जे असेल ते जपून ठेवावे.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. मेसोथेलिओमाचा धूम्रपानाशी संबंध नाही. पण ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाचा नेहमीचा कर्करोगही होतो, आणि धूम्रपानाची जोड मिळाली की दोन्ही धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, जवळजवळ गुणाकार होतो. छातीत गेलेला तंतू काढता येत नाही. विडी मात्र आज सोडता येते.

आज चाळीवर चढून मशीनने पत्रा कापणारा मुलगा विशीतला असेल. त्याच्या छातीत गेलेल्या तंतूचा हिशेब तो पन्नाशी-साठीला पोहोचेल तेव्हा लागेल. त्या वेळी हा पत्रा कोणी आठवणारही नाही. बाजारात ॲस्बेस्टॉस नसलेले पत्रेही मिळतात. पुढच्या हंगामाआधी छप्पर बदलायचे असेल, तर दुकानदाराला भाव विचारण्याआधी पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे का, हे विचारा. आणि कापायचे काम कोणाला देणार असाल, तर त्याच्या हातात मशीनऐवजी पाण्याची बादली आणि करवत द्या.